एबीएस-ईएसपीचा दिवा लागला म्हणून घेतलेला स्कॅनर : वापरून झाल्यावरचं मत

पूर्ण वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. डॅशबोर्डवर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) पिवळा दिवा लागला असेल तर गाडीच्या सॉकेटात लावून मोबाईलवर बिघाडाचे कोड बघायचं पाचशे-सातशे रुपयांचं ते निळं ब्लूटूथ डोंगल बहुतेक गाड्यांत काही कामाचं नाही, ते इंजिन सोडून दुसरीकडं बघतच नाही. एबीएस आणि एअरबॅग वाचणारा हातात धरायचा स्क्रीनवाला स्कॅनर घ्या, मला सात हजारांच्या आतबाहेर पडला आणि पहिल्याच कामात पैसे वसूल झाले. पण त्यात आलेला कोड वाचून लगेच पार्ट मागवायला पळू नका. कोड फक्त कुठलं चाक एवढंच सांगतो, त्या चाकात नेमकं काय बिघडलंय ते सांगत नाही, ते कळतं सेन्सरचे चालू आकडे दाखवणाऱ्या लाइव्ह डेटा नावाच्या मेनूतनं, आणि तो मेनू उघडायचे कष्ट भलेभले सर्व्हिस सेंटरवालेपण घेत नाहीत. माझे साधारण पाच हजार त्याच्यातच गेले आणि साठ हजार जाता जाता वाचले.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तेच मशीन चार वेगवेगळ्या स्टिकरनं ऑनलाइन विकतात, डबा वेगळा, आत मेनू सेम. गाडीचं पण नाव लिहीत नाही, नाहीतर खाली सगळे त्या कंपनीवरच तुटून पडतील आणि मुद्दा बाजूला राहील. २०१६ ची डिझेल हॅचबॅक आहे, टॉप व्हेरियंट, म्हणून एबीएससोबत ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टिम) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागं येऊ न देणारी सोय) आहे. त्याच मॉडेलच्या बेस व्हेरियंटला तेव्हा एबीएस नव्हतंच. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं त्याच्यावरच सगळं आहे.

झालं असं की मागच्या डाव्या चाकातनं घुंईंई असा आवाज यायला लागला, साठच्या पुढं गेलं की जास्त, म्हणजे बेरिंग गेलं. घराजवळच्या गॅरेजवाल्याकडनं बेरिंग बदलून घेतलं, आवाज गेला, छान वाटलं, आणि गॅरेजमधनं निघून मेन रोडला लागेपर्यंत एबीएसचा दिवा लागला, त्याच्या शेजारी ती घसरणाऱ्या गाडीच्या चित्राची ईएसपीची लाइट पण. फोन केला तर म्हणाला, "सेन्सरवर धूळ बसली आसंल, चालवा दोन दिवस, जाईल." गेली नाही. पाऊस सुरू झालेला आणि आम्हाला रत्नागिरीला जायचं होतं. आंबा घाटात धुक्यात एका ट्रकच्या मागं चढावर थांबलो, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी सरळ मागं यायला लागली. हिल होल्ड गायब. ते ईएसपीच्याच युनिटवर चालतं, त्यामुळं दिवा लागला की तेपण झोपतं, हे मला तिथं कळलं. मागं एक ओम्नी होती, तिच्या ड्रायव्हरनं काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

इथं जरा थांबून, हे दिवे म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच जण घाबरतात आणि बरेच जण अजिबात घाबरत नाहीत, दोन्ही चुकीचं. एबीएसचा एकटा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबले की चाक लॉक होऊ शकतं, म्हणजे जुन्या गाडीसारखे ब्रेक झाले. पावसात अंतर ठेवून, सावकाश गाडी घरी आणता येते. पण पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवा पण लागला तर विषय वेगळा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइल मिनिममच्या वर आहे का बघा, ते दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडी पण बंद झालेलं असू शकतं, मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीची शेपटी फिरते. तसल्या गाडीनं घाट उतरू नका, टोइंग बोलवा. आणि ईएसपीचा दिवा लुकलुकत असेल तर तो बिघाड नाही, तो त्या क्षणाला काम करतोय. कायमचा लागून राहिला तर बिघाड, किंवा कुणीतरी बटण दाबून बंद केलेलं. आमच्याकडं एका पाहुण्यानं स्टेअरिंगशेजारचं ते बटण "एसीचं वाटलं" म्हणून दाबलेलं आणि सगळे टेन्शनमध्ये.

आता डोंगल. घरात आधीपासून होतं, ईएलएम ३२७ नावाच्या चिपच्या टाइपचं, मोबाईलला जोडून टर्बोचं प्रेशर वगैरे बघायला. लावलं, स्कॅन केलं, उत्तर आलं "कोणताही फॉल्ट नाही". समोर डॅशबोर्डवर दोन दिवे पेटलेत आणि हे म्हणतंय सगळं ओके. त्यात त्याचा दोष नाही खरं तर. हे डोंगल ज्याच्यावर चालतं ते ओबीडी-२ स्टँडर्ड अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं ते धूर आणि इंजिन तपासायला, त्यामुळं सगळ्या गाड्यांत सेम असलेले कोड म्हणजे इंजिनाचेच. एबीएसचे कोड प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत लपवून ठेवते. काही गाड्यांसाठी खास ॲप आहेत जे डोंगलवरनं एबीएसपर्यंत पोचतात, तुमच्या गाडीला तसलं ॲप असेल तर नशीबवान आहात, आधी तेच करून बघा. माझ्या गाडीला नव्हतं. शिवाय ही स्वस्तातली डोंगलं बहुतेक मूळ चिपची कॉपी असतात, वरती व्हर्जन १.५ लिहिलेलं असतं आणि मूळ कंपनीनं १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. म्हणजे डुप्लिकेट आहे हे ते स्वतःच छापून सांगतंय.

मग अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, कॉफी, टाय लावलेला ॲडव्हायझर. त्यांच्या मशीनवर कोड आला मागच्या डाव्या व्हील स्पीड सेन्सरचा, म्हणजे चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा. सेन्सर बदलला, लेबर धरून साडेचार हजारांच्या पुढं, कोड क्लिअर केला, यार्डात एक चक्कर मारली, दिवा नाही, गेट पास. हायवेला लागलो आणि दिवा हजर. परत गेलो तर ॲडव्हायझर म्हणतो, "सर बाहेर काम केलंय ना तुम्ही, आता सेन्सर नवीन टाकूनही येतंय म्हणजे एबीएस मॉड्युल गेलंय, बदलावं लागेल." मॉड्युल म्हणजे सगळ्या सेन्सरचे सिग्नल वाचणारा एबीएसचा कॉम्प्युटर. एस्टिमेट साठ हजारांच्या वर, पार्ट यायला तीन आठवडे, आणि ॲडव्हान्स. मी विचारलं, मॉड्युल गेलंय हे कशावरनं? "सर, एलिमिनेशन." म्हणजे सेन्सर नाही तर मॉड्युल. मधे वायर आहे, कनेक्टर आहे, सेन्सर ज्याच्याकडं बघतो ती रिंग आहे, बेरिंग आहे, हे सगळं त्या एलिमिनेशनमध्ये कुठंच नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते पण साठ हजारांचं.

त्या रात्री हा स्कॅनर मागवला.

वापरायला सोपा आहे. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा, चावी ऑन, गाडीची कंपनी निवडायची, मॉडेल, मग इंजिन, एबीएस, एअरबॅग अशी यादी येते. माझं मॉडेल यादीत सरळ सापडलं नाही, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या बाहेरच्या देशांत वेगळ्या नावानं असतात किंवा नसतातच, ऑटोमॅटिक ओळखचा पर्याय दिला तेव्हा चेसिस नंबरवरनं त्यानं स्वतः शोधलं. कोड आला सी००४५, मागचं डावं चाक, सिग्नल नाही. इथपर्यंत सर्व्हिस सेंटरएवढंच.

मग लाइव्ह डेटा उघडला. चार चाकांचे चार वेग एकाखाली एक दिसतात. पन्हाळा रोडला सकाळी लवकर गेलो, भाऊ शेजारी मशीन धरून, मी चालवतोय. हे एकट्यानं अजिबात करू नका, स्क्रीन बघत गाडी चालवणं म्हणजे ब्रेकची तपासणी करताना ब्रेकची गरज पाडून घेणं. तो वाचत होता, पुढचं डावं अठ्ठावीस, पुढचं उजवं अठ्ठावीस, मागचं उजवं अठ्ठावीस, मागचं डावं शून्य. चाळीसला गेलो, तीन चाकं चाळीस, चौथं शून्य. मधनंच येतंय-जातंय असं पण नाही, एकदम सपाट शून्य. वायर लूज असती तर खड्ड्यात हलला असता आकडा. रिंगवर घाण असती तर कधी अठ्ठावीस कधी एकोणीस असा उड्या मारत आला असता. आणि मॉड्युल गेलेलं असतं तर तेच मॉड्युल उरलेल्या तीन चाकांचे आकडे इतके व्यवस्थित कसं देतंय? हा प्रश्न त्या ॲडव्हायझरला विचारायला फोन लावला होता, त्यानं "सर मी टेक्निकल टीमला विचारून कळवतो" म्हणून ठेवला, अजून कळवतोय.

स्कॅनर घेऊन मग उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं गेलो. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको, बाकीच्यांसाठी, इथं गल्लीगल्लीत लेथ आणि प्रेस मशीन आहेत, फाउंड्रीवाल्यांचं आणि इंजिनवाल्यांचं गाव आहे हे. मिस्त्रींनी मशीन बघून आधी नाक मुरडलं, "असली खेळणी लै बघितल्यात." पण आकडे दाखवल्यावर गप्प झाले आणि गाडी जॅकवर घ्यायला लावली, पुढच्या चाकांना दगड लावून.

पुढचं त्यांनी जे केलं त्यासाठी त्यांच्या पाया पडलो असतो. सेन्सर मागच्या प्लेटमधनं एक बोल्ट काढून बाहेर घेतला, वायर तशीच जोडलेली, चावी ऑन, लाइव्ह डेटा चालू. आणि टोकाला चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर सेन्सरच्या तोंडासमोर भराभर हलवायला लागले. स्क्रीनवर मागचं डावं, शून्याचं दोन झालं, तीन झालं, परत शून्य. म्हणजे सेन्सर चांगला, वायर चांगली, मॉड्युल पण चांगलं, सगळे वाट बघत बसलेत की कुणीतरी समोरनं जावं. समोरनं जाणारंच कुणी नाही.

"बेरिंग कुणी घाटलंय ह्ये?" म्हणाले. सांगितलं. ड्रम उतरवला, त्याच्यातच दाबून बसवलेलं असतं आमच्या गाडीला मागचं बेरिंग. शेजारच्या लेथखालचा लोखंडी कीस चिमूटभर आणला आणि बेरिंगच्या आतल्या सीलवर टाकला. सगळा घसरून खाली. उलट्या बाजूनं बघितलं, तिकडंपण नाही चिकटला. "मॅग्नेटच न्हाई ह्याला. बिगर एबीएसचं घाटलंय."

तर भानगड अशी आहे. जुन्या गाड्यांत एबीएसला दातेरी लोखंडी रिंग असायची, ती डोळ्यांना दिसते. आताच्या बऱ्याच गाड्यांत ते दाते नाहीत, बेरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टा असतो, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असा गोल, आणि सेन्सर ते मोजतो. बघायला ते सील साध्या काळ्या रबराच्या सीलसारखंच दिसतं. आणि ज्या मॉडेलच्या बेस व्हेरियंटला एबीएस नव्हतं त्याचं बेरिंग त्याच साइजचं, तेच माप, फक्त पट्टा नाही, म्हणून स्वस्त. आपल्याकडं नव्या कार एबीएसशिवाय विकायला बंदी आली ती एप्रिल २०१९ पासून, त्यामुळं त्याआधीच्या गाड्यांचे दोन्ही प्रकारचे पार्ट दुकानांच्या रॅकवर शेजारी शेजारी पडलेत. गॅरेजवाल्यानं पोराला पाठवलं, पोरानं गाडीचं नाव सांगितलं, दुकानदारानं जे हाताला आलं ते दिलं. मला लावलेलं नऊशेचं होतं, बरोबरचं एकवीसशेला मिळालं. बाराशे रुपयांच्या फरकापायी साठ हजारांचं एस्टिमेट.

नवीन बेरिंग आणल्यावर मिस्त्रींनी बसवायच्या आधी त्याच्यावर पण कीस टाकून दाखवला. सुटा कीस सरसरत जाऊन कंगव्याच्या दातांसारख्या बारीक उभ्या रेघांत बसला, एकसारख्या अंतरानं, पूर्ण गोल. बघायला नाद खुळा प्रकार आहे. मग फडक्यानं आणि हवा मारून पूर्ण साफ केलं, कारण तो कीस राहिला तर परत चुकीचे आकडे. आणि पट्ट्याची बाजू आत, सेन्सरकडं, याची दोनदा खात्री करून प्रेसवर दाबलं. बरोबर बेरिंग आणून उलटं बसवलं तरी सेम दिवा लागतो म्हणे, तसल्या गाड्या पण येतात त्यांच्याकडं. कीस नसेल तर स्टेपलरची पिन धरून बघा, पट्टा असेल तर हलकीशी ओढली जाते. फक्त जोरदार चुंबक तिथं लावून बघू नका, स्पीकरचा वगैरे, त्यानं पट्ट्यावरची आखणीच पुसली जाऊ शकते आणि नवंकोरं बेरिंग वाया.

परत पन्हाळा रोड. चारी चाकं अठ्ठावीस. कोड क्लिअर केला, परत आला नाही, हिल होल्ड चालू.

यानंतर मशीनची गल्लीत प्रसिद्धी झाली आणि माझा रविवार गेला, पण त्यातनं एक केस सांगण्यासारखी मिळाली. मित्राची गाडी, लाइट नाही, कोड नाही, पण सिग्नलला हळू हळू थांबताना अगदी शेवटच्या दोन मीटरला ब्रेक पॅडल कुरकुरतं आणि गाडी थोडी पुढं सरकते. गॅरेजवाल्यानं त्याला एबीएसचा फ्यूज काढून दिला होता, "आता न्हाई करणार." करत नव्हतंच, कारण एबीएसच बंद. पोरंबाळं घेऊन फिरणाऱ्या माणसाला असलं सोल्युशन देणाऱ्याचं काय करावं. फ्यूज परत बसवून लाइव्ह डेटा बघितला तर गाडी थांबायला आली की तीन चाकं दहा, आठ, सहा, चार अशी उतरतात आणि पुढचं उजवं आठवरनं एकदम शून्य होतं. एबीएसला वाटतं हे चाक लॉक झालं, म्हणून तो तिथला ब्रेक सोडतो. त्याच्या गाडीत ड्राइव्हशाफ्टवरची (चाक फिरवणाऱ्या दांड्यावरची) दातेरी रिंग होती, गंजून फुगलेली आणि एका ठिकाणी तडकलेली. त्या जुन्या टाइपच्या सेन्सरला मुळातच अगदी कमी वेगात सिग्नल बारीक मिळतो, त्यात रिंग अशी. कोकणात गाडी फार असते त्याची, खारी हवा आणि पाऊस, तिथं हे जास्त दिसतं म्हणे मिस्त्री. ही केस कोड वाचून जन्मात सापडली नसती, कारण कोडच नव्हता. इथं स्कॅनरचा ग्राफ मोड कामाला आला, चार रेघांतली एक रेघ कड्यावरनं पडल्यासारखी खाली जाताना स्पष्ट दिसते.

बाकी पटापट. ईएसपी आणि एबीएसचा दिवा लागला की दरवेळी चाकातच काही असतं असं नाही. ब्रेक पॅडलच्या वरचा लाइट स्विच गेला तरी ईएसपीचा दिवा येतो, मागं कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट लागतात-विझतात का ते आधी बघा, तो पार्ट काही शेकड्यांचा असतो. बॅटरी मरायला आली की सकाळी स्टार्ट करताना दिवे लागतात आणि नंतर जातात, तेव्हा आधी बॅटरीचे व्होल्ट बघा, ते मात्र डोंगलवर पण दिसतात. एका चाकाला वेगळ्या साइजचा टायर टाकलाय किंवा हवा फार कमी आहे तर त्या चाकाचा वेग बाकीच्यांशी जुळत नाही. व्हील अलाइनमेंट करून आणलं आणि त्यानंतर ईएसपीचा दिवा आला तर स्टेअरिंग अँगल सेन्सरचं (स्टेअरिंग किती वळलंय ते मोजणाऱ्या सेन्सरचं) झिरो सेटिंग राहिलेलं असू शकतं, गाडी सरळ जाताना लाइव्ह डेटात स्टेअरिंगचा कोन शून्याच्या जवळ हवा. आणि उंदीर. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर सगळ्यात आधी चाकामागच्या वायरी बघा, मग बाकीचं.

जाता जाता, ईएसपी म्हणजे नुसती महागड्या गाड्यांची चैन असं अजून वाटत असेल त्यांच्यासाठी. एबीएस बॉशनं १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं, ईएसपी १९९५ मध्ये, ते पण एस-क्लासमध्येच, छोट्या गाडीत कशाला असा विचार. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, समोर अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला असं धरून गाडी जोरात डावीउजवीकडं वळवतात त्या चाचणीत, मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं आणि ए-क्लासला ईएसपी स्टँडर्ड केलं. काम एवढंच, तुम्ही स्टेअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी खरंच कुठं वळतीये याची तुलना करायची आणि फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला जागेवर आणायचं. त्यासाठी चारी चाकांचा वेग बरोबर मिळावा लागतो, एक जरी आकडा खोटा आला तर ते शहाण्यासारखं स्वतःला बंद करून घेतं. आंबा घाटात पावसात, वळणावर समोरनं एसटी, तिथं मला ते चालू पाहिजे.

आता मशीनची रडगाणी. केबल आखूड आहे, मागच्या चाकापाशी बसून स्क्रीन बघता येत नाही, दोन माणसं लागतातच. उन्हात स्क्रीन दिसत नाही, पुठ्ठ्याची सावली करायला लागते. मेनूतली भाषा कुणीतरी झोपेत लिहिल्यासारखी आहे, "वेगाचे चाक डावे मागील असाधारण" असल्या अर्थाची वाक्यं इंग्रजीत. आकडे जरा उशिरा बदलतात, चारही चाकं एकदम निवडली की बरं चालतं, पंचवीस गोष्टी निवडल्या की स्लो होतं. अपडेटसाठी मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावायचं, आणि त्यांचं सॉफ्टवेअर माझ्या अँटीव्हायरसला आवडलं नाही. सगळ्यात मोठं म्हणजे डब्यावर "एबीएस ब्लीडिंग" लिहिलंय, म्हणजे ब्रेक ऑइल बदलताना एबीएसच्या पंपात अडकलेली हवा मशीननं पंप फिरवून काढायची सोय, ती माझ्या गाडीला उघडतच नाही, "सपोर्ट नाही" येतं. ज्यांना स्वतः ब्रेक ऑइल बदलायचंय आणि ब्लीडिंगसाठीच मशीन घ्यायचंय त्यांनी आपल्या मॉडेलचं पक्कं विचारून घ्या. ऑइल मात्र बदला, दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू स्टँडर्डप्रमाणं कोरं असताना कमीत कमी २३० डिग्री लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत चालतो असं त्याच स्टँडर्डमध्ये धरलंय, आणि जुनं ऑइल त्याच्याही खाली जाऊ शकतं. घाट उतरताना ब्रेक तापल्यावर हा फरक पायाला कळतो.

पाचपैकी चार देईन. एक तारा ब्लीडिंगच्या थापेसाठी कापला.

कुणी घ्यावा? गाडीची वॉरंटी संपलीये, घरात दोन-तीन गाड्या आहेत, किंवा नातेवाइकांत तुम्हीच "गाडीतलं कळणारे" आहात, तर घ्या. नवी गाडी वॉरंटीत असेल तर गरज नाही, तिथं भांडायचं ते सर्व्हिस सेंटरशी, आणि भांडताना एवढंच म्हणा की पार्ट बदलायच्या आधी मला चारी चाकांचा लाइव्ह डेटा चालत्या गाडीत दाखवा. दाखवणारा मिळाला तर त्याला धरून ठेवा.

विकत घेतलाच तर आल्या आल्या गाडीला लावून एबीएसचा मेनू उघडतोय का आणि चार चाकांचे आकडे येतायत का ते बघा, परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी आठवडाभरच असते, आणि नुसतं इंजिनाचे कोड दाखवून "सगळं ओके" म्हणत असेल तर डबा फाडू नका, तसाच परत पाठवा.